ॲडमिट पेशंटचं पोट सांभाळताना: भरतीपासून डिस्चार्जपर्यंतच्या पायऱ्या

आठवडाभराने चादर बदलताना सिस्टर म्हणतात, "अहो, काका किती वाळले!" तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येतं की पायजम्याची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागते आहे. ताप उतरलेला असतो, ऑपरेशन नीट झालेलं असतं, रिपोर्ट सुधारलेले असतात. पण माणूस आधाराशिवाय उभा राहत नाही.

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी चुका इतक्या सारख्या असतात, की त्या क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. हा लेख पेशंटजवळ थांबणाऱ्यांसाठी आहे: मुलगा, सून, बायको, रात्रपाळीला येणारा भाचा. सगळ्यांनी वाचा. पेशंटजवळची माणसं दिवसातून तीनदा बदलतात आणि खाण्याचा हिशोब कुणाकडेच राहत नाही, इथूनच घसरण सुरू होते.

## आधी सलाईनचा हिशोब

"सलाईन चालू आहे ना, मग नाही जेवले तरी चालेल." वॉर्डात सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं.

नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य असतात. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. एक ज्वारीची भाकरी याहून जास्त देते. दिवसात अशा तीन बाटल्या चढल्या तरी दोन भाकऱ्यांइतकंच पोटात गेलं, आणि त्यात प्रथिनं अजिबात नाहीत. सलाईन पाणी, क्षार आणि औषधं देण्यासाठी लावतात. आतडी काम करत नसतील तेव्हा मोठ्या शिरेतून पूर्ण आहार देण्याची वेगळी सोय असते. ती डॉक्टर मुद्दाम ठरवून लावतात आणि तुम्हाला तसं सांगतात. हाताला लावलेली साधी बाटली म्हणजे जेवण नाही.

## १. भरती झाल्यापासून २४ तासांत: तीन आकडे मिळवा

फाईलमध्ये बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं असतं. वजनाची जागा पुष्कळदा रिकामी असते, किंवा "अंदाजे ६०" असं लिहिलेलं असतं. तो अंदाज चालवून घेऊ नका. सिस्टरना विनंती करा: "आज वजन करून फाईलमध्ये लिहाल का?"

तुम्हाला हवेत: आजचं वजन, उंची, आणि तीन ते सहा महिन्यांपूर्वीचं वजन. जुनं वजन आठवत नसेल तर आधीच्या डॉक्टरांचे कागद, रक्तदान कार्ड, विम्याची तपासणी यांत सापडतं. काहीच नसेल तर पट्टा किती भोकं आत गेला, अंगठी किंवा बांगडी सैल झाली का, ब्लाउज किती वेळा आत घेतला, हे विचारा. बायका ब्लाउजचं अगदी नेमकं सांगतात.

आता गुण मोजा. "मस्ट" नावाची ही पद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली आणि मोठ्या माणसांसाठी जगभर वापरतात. ती घरच्या माणसालाही जमते.

बीएमआय (वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये गुणिले तीच उंची): २० च्या वर असेल तर ०, १८.५ ते २० असेल तर १, १८.५ च्या खाली असेल तर २.

तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेलं वजन: ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०, ५ ते १० टक्के असेल तर १, १० टक्क्यांहून जास्त असेल तर २.

आजार तीव्र आहे आणि पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काहीच गेलेलं नाही, किंवा जाणार नाही अशी शक्यता आहे: आणखी २.

बेरीज १ आली तर लक्ष ठेवायचं; २ किंवा जास्त आली तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञांना बोलवा असं सांगायचं.

एक उदाहरण करून बघू. उंची १६० सेंमी, आजचं वजन ५५ किलो, चार महिन्यांपूर्वी ६२. बीएमआय येतो २१.५, म्हणजे गुण शून्य, आणि बघणाऱ्याला माणूस धडधाकट वाटतो. पण ७ किलो घट म्हणजे ६२ चे ११ टक्क्यांहून जास्त. गुण २. हा पेशंट धोक्यात आहे आणि नुसत्या नजरेने तो सुटला असता. जाड माणसांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. ९० किलोचा माणूस ७८ वर आला की घरचे म्हणतात "बरंच झालं". आजारपणात उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि उठायला-चालायला, खोकून कफ काढायला तेच स्नायू लागतात.

वजन करताच येत नसेल तर शिंप्याची टेप घ्या. ज्या हाताला सलाईन नाही तो हात कोपरात वाकवा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करा, मग हात सरळ लोंबता ठेवून त्या खुणेवर घेर मोजा. टेप न आवळता टेकवायची. घेर २३.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी.

थांबा: पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचं वजन फसवतं. अंगात पाच लिटर पाणी साठलं की वजन पाच किलोने जास्त दिसतं आणि खालची घट झाकली जाते. अशा पेशंटमध्ये दंडाचा घेर जास्त खरं बोलतो.

हेही लक्षात ठेवा: रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) कमी आलं की लगेच "प्रोटीन कमी पडलं" असा अर्थ काढू नका. शरीरात संसर्ग किंवा सूज असली की अल्ब्युमिन आपोआप उतरतं. आणि ते नॉर्मल आलं म्हणून पोषण ठीक आहे असंही नाही.

## २. खायला घालण्याआधी: का जात नाही, ते शोधा

इथे घाई करू नका. "तोंडाला चवच नाही" हे उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. खालच्या गोष्टी एकेक करून बघा.

तोंड उघडून आत टॉर्च मारा. जीभ पांढरी, फोड, सुकलेले ओठ, हिरड्यांतून रक्त. जिभेवर दह्यासारखा थर असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. औषध सुरू झालं की दोन-चार दिवसांत घास जायला लागतो.

कवळी कुठे आहे? रुग्णवाहिकेत बसताना ती घरी राहते किंवा ऑपरेशनआधी काढून कुणाच्या तरी पिशवीत जाते. मी एका आजोबांना पाच दिवस "जेवणाला नकार" असा शेरा मिळालेला पाहिला. कवळी घरच्या फडताळात होती आणि ताटात रोज पोळी येत होती. कवळी आणा. वजन उतरल्यामुळे ती सैल झाली असेल तर तोवर मऊ जेवण मागा.

शौचाला कधी झाली? चार दिवस झाली नसेल तर भूक लागणार नाही. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

बेडपॅनची लाज. हे बायकांच्या बाबतीत फार घडतं. मावशींना पुन्हा पुन्हा बोलवायला नको, सुनेला त्रास नको, म्हणून त्या पाणी आणि जेवण दोन्ही कमी करतात आणि विचारलं की "भूक नाही" म्हणतात. कुणीही शेजारी नसताना हळूच विचारा. उत्तर मिळालं तर उपाय सोपा असतो: जेवणानंतर ठरलेल्या वेळी आपणच बेडपॅन द्यायचा, पडदा ओढायचा, मागायची वेळ येऊ द्यायची नाही.

वेदना आणि मळमळ. दुखण्याची गोळी जेवणाच्या बरोबर वेळी पडते आहे की दोन तासांनी? सिस्टरना सांगून वेळ जुळवता येते. मेट्रोनिडाझोलसारख्या औषधांनी तोंडात धातूची चव येते. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, आणि तोवर लिंबू, आलं, थोडं आंबटगोड असं काही चालत असेल तर द्यायचं.

उपास आणि पथ्य. चतुर्थी आली, एकादशी आली, आई मुकाट्याने ताट परत पाठवते. त्यावर घरात काय पडतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण डॉक्टरांच्या राऊंडला ते सांगा. दुसरं म्हणजे ऐकीव पथ्य: वरण-भात खाल्ला की टाके पिकतात, अंडं गरम पडतं, तापात दूध नको, दह्याने सर्दी होते. टाके भरून यायला प्रथिनंच लागतात. वरण, दूध आणि अंडं बंद केलेल्या पेशंटची जखम कशाने भरायची? डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्य पाळा. भेटायला आलेल्यांनी सांगितलेलं पथ्य आधी डॉक्टरांना विचारा.

## ३. किती हवं, ते एकदाच लिहून ठेवा

आजारी मोठ्या माणसाला साधारण दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. निरोगी माणसाला प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात. म्हणजे आजारात गरज दीडपट होते आणि नेमकं तेव्हाच जेवण निम्म्यावर येतं. ५० किलोच्या माणसासाठी रोज १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता वॉर्डात प्रत्यक्षात काय येतं ते पाहा. शहाळं: पाणी आणि पोटॅशियम भरपूर, कॅलरी थोड्या, प्रथिनं जवळपास नाहीत. तांदळाची पातळ पेज: वाटीभर प्यायल्यावर एखादा ग्रॅम प्रथिनं. वरणावरचं पाणी: डाळ खाली भांड्यात राहिली. मोसंबीचा रस: साखर आणि पाणी. चार दिवस प्रेमाने हेच दिलेलं असतं आणि "दिवसभर काही ना काही चालूच आहे" असं वाटत असतं. पोट या पाण्याने भरतं आणि जेवणाची जागा जाते.

ही गणितं ज्यांना लागू नाहीत: मूत्रपिंडाचा आजार असलेला पेशंट. डायलिसिसवर नसेल तर प्रथिनं मर्यादित असू शकतात, डायलिसिस सुरू असेल तर उलट वाढवावी लागतात, आणि पोटॅशियम वाढलेलं असताना शहाळं जिवावर बेतू शकतं. इथे फक्त आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता. यकृताच्या आजारात पूर्वी प्रथिनं तोडायचे. आता तसं करत नाहीत, उलट रात्री झोपताना काहीतरी खायला देतात, म्हणजे रात्रभराचा उपास लांबत नाही. मधुमेह असेल तर साखर तोडा, जेवण तोडू नका. जेवण कमी होत असेल तर इन्शुलिन देण्याआधी सिस्टरना सांगा, नाहीतर शुगर धोकादायक उतरते.

## ४. बरेच दिवस उपाशी असलेल्याला: हळू, फार हळू

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. पाच दिवसांहून जास्त काळ नगण्य खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट घालणं घातक ठरू शकतं. उपाशी शरीरात अचानक पिष्ट पदार्थ आणि साखर गेली की इन्शुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. हृदयाची लय बिघडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

अशा पेशंटला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त द्यायचं नाही, असं ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. बीएमआय १६ पेक्षा कमी, वजन १५ टक्क्यांहून जास्त घटलेलं, किंवा दहा दिवसांहून जास्त उपाशी, यांतलं एक जरी असेल तर सुरुवात किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरींपासून, रक्तातले क्षार तपासत, आणि आधी बी-१ जीवनसत्त्व देऊन. दारूचं व्यसन असलेल्यांत हा धोका जास्त असतो. हे सगळं डॉक्टर करतील. तुमचं काम एवढंच: किती दिवस काहीच खाल्लेलं नाही, आणि दारू असेल तर ती, भरतीच्या वेळी खरं सांगणं. लाजेपोटी दोन दिवस कमी सांगितले तर डॉक्टर चुकीचा वेग धरतात.

तपासा: खाणं सुरू झाल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत पायावर नवी सूज, धाप, छातीत धडधड, बरळणं किंवा गळाठा दिसला तर पुढचा घास थांबवून लगेच सिस्टरना बोलवा.

## ५. डबा: घास तेवढेच, त्यातलं बळ जास्त

आजारी माणूस चार घासांवर पाचवा घेत नाही. तेव्हा पाचव्यासाठी भांडण्यापेक्षा त्या चार घासांतच भर घालायची. आपल्या स्वयंपाकघरात याची उत्तरं तयार आहेत. गुरगुट्या भात, त्यावर चमचाभर मेतकूट आणि दोन चमचे साजूक तूप. पेजेऐवजी घट्ट मुगाची खिचडी, डाळ आणि तांदूळ सारखे. दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर. भाजीत दाण्याचं कूट. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. चहाबरोबर बिस्किटाऐवजी उकडलेलं अंडं किंवा पनीरचे दोन तुकडे. मासे खाणाऱ्या घरात काटे काढलेला मऊ मासा उत्तम.

५० किलोच्या, साधं मऊ जेवण चालणाऱ्या पेशंटचा एक दिवस असा बसतो:

सकाळी ७: पेलाभर दूध, दोन मोठे चमचे दूध पावडर. (प्रथिनं ११ ग्रॅम)
साडेनऊ: मूगडाळीची दोन धिरडी. (१२)
साडेबारा: मऊ भात, वाटीभर घट्ट वरण, दोन चमचे तूप. (९)
साडेतीन: एक अंडं आणि केळं. अंडं चालत नसेल तर पनीर. (७)
साडेपाच: दुधातलं नाचणी सत्त्व, गूळ घालून. (७)
रात्री ८: घट्ट खिचडी, तूप, वाटीभर दही. (१२)
साडेनऊ: पाऊण पेला दूध. (५)

सगळं मिळून साधारण साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं आणि दीड हजार कॅलरींच्या आसपास. सात वेळा पाहून दचकू नका. एकेका वेळचं प्रमाण मूठभर आहे.

रुग्णालयाचं जेवण येत असेल तर ते आधी संपवायचं आणि वरची भर घरून आणायची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली भरती असाल तर पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच धरलेलं असतं. ते मागून घ्या. डबा आणण्याआधी सिस्टरना एकदा विचारा आणि फाईलवरचं आहाराचं नाव बघा: लिक्विड, सॉफ्ट, नॉर्मल, डायबेटिक. इथे एक चूक वारंवार होते. ऑपरेशननंतर "लिक्विड" लिहिलेलं असतं, पोट चालू होतं, पण लिक्विडचं सॉफ्ट कुणी करत नाही आणि पेशंट आठवडाभर पाण्यावर राहतो. रोज राऊंडला विचारा: "आज आहार वाढवायचा का?"

विकतच्या प्रोटीन पावडरीबद्दल: ती दोन जेवणांच्या मध्ये द्यायची. पावडर पुरवून पुरवून वापरण्यासाठी चार चमच्यांऐवजी दोन टाकले, की तुम्ही महागडं पाणी देत आहात. परवडत नसेल तर मोकळेपणाने सांगा. दूध पावडर, डाळ्याचं पीठ, दाण्याचं कूट यांवर आम्ही तेवढंच प्रमाण बसवून देऊ शकतो.

हे सगळं फार घरगुती वाटतं, म्हणून एक आकडा सांगते. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत, दोन हजारांवर पेशंटवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पोषण धोक्यात असलेल्यांपैकी ज्यांना प्रत्येकाच्या गरजेनुसार आखलेला आहार मिळाला, त्यांच्यात ३० दिवसांतले मृत्यू शंभरात सुमारे ७ होते. नेहमीचं रुग्णालयाचं जेवण मिळालेल्यांत सुमारे १०.

## ६. भरवणं

पलंगाची डोक्याची बाजू उचला, पाठीला उशी द्या, पेशंट शक्य तितका ताठ बसू दे. झोपून भरवायचं नाही, रात्रीचं दूधसुद्धा नाही. लहान चमचा घ्या. आधीचा घास गिळला, हे गळ्याकडे बघून खात्री करा, मग पुढचा. मध्येच बोलायला लावू नका. खाऊन झालं की अर्धा तास तरी बसतं ठेवा आणि चूळ भरायला लावा.

ताट आलं तेव्हा पेशंट सोनोग्राफीला गेलेला असेल तर ताट परत जातं आणि ते जेवण कायमचं बुडतं. मावशींना सांगून झाकून ठेवा, किंवा त्या वेळेपुरता डबा तयार ठेवा.

थांबा: अर्धांगवायूचा झटका आलेल्या पेशंटला, गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. पाण्याचा चमचासुद्धा नाही. "पातळ आहे, सहज उतरेल" हा समज उलटा आहे. पातळ पाणी सांभाळायला गळ्याला सगळ्यात अवघड जातं आणि ते फुफ्फुसात उतरतं. खाताना खोकला, घशात घरघर, आवाज ओला होणं, गालात घास साठून राहणं, यांतलं काहीही दिसलं की थांबा आणि सांगा.

## ७. उपाशी ठेवण्याचे दिवस

फाईलवर एनबीएम लिहिलं की तोंडाने काही नाही. हे पाळायलाच हवं. पण किती वाजेपर्यंत, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी सर्वसाधारण नियम असा: जेवण आणि दूध सहा तास आधीपर्यंत, पाणी किंवा कोरा चहा यांसारखे स्वच्छ पातळ पदार्थ दोन तास आधीपर्यंत. मधुमेह, पोट हळू रिकामं होणं, तातडीचं ऑपरेशन यांत नियम बदलतो. शेवटचा शब्द भूलतज्ज्ञांचा. अडचण अशी होते की सगळ्यांना सरसकट "रात्री दहानंतर काही नाही" सांगितलं जातं आणि दुपारी दोनचा नंबर असलेला पेशंट सोळा तास उपाशी राहतो. मग केस पुढे ढकलली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे तीन दिवस गेलेले पेशंट मी पाहिलेत.

म्हणून आदल्या संध्याकाळी विचारा: नंबर कितवा आहे? शेवटचं जेवण किती वाजता चालेल? पाणी किती वाजेपर्यंत? रद्द झालं तर आम्हाला कोण सांगणार? आणि उरकल्यावर: खाणं कधी सुरू करायचं आणि ते कोण ठरवणार? रद्द झाल्याचं कळताच, "आता खायला देऊ का" हे पहिलं वाक्य. सोनोग्राफी, उपाशीपोटी रक्त आणि एंडोस्कोपी वेगवेगळ्या दिवशी असतील तर त्या एकाच सकाळी बसतील का, तेही विचारून बघा, बऱ्याचदा बसतात.

वहीत लिहा: उपास सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. दोन उपास लागोपाठ आले की आकडा डॉक्टरांना दाखवा.

## ८. नळीतून आहार

नाकातून नळी म्हटलं की घरचे घाबरतात आणि चार-पाच दिवस "बघू, खातील" म्हणत घालवतात. गिळता येत नसेल तर ती लवकर घालणं चांगलं. बहुतेकदा ती तात्पुरती असते.

क्रम असा. डोकं ३० ते ४५ अंश वर. नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहा; सरकली असेल तर काहीही घालू नका. ३० मिली पाणी. मग गाळून घेतलेलं, कोमट फीड (नळीतून द्यायचा पातळ आहार), हळूहळू, सिरिंज दाबून न ढकलता. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. पुढचा अर्धा ते एक तास डोकं वरच. गोळ्या फीडमध्ये मिसळायच्या नाहीत. एकेक वेगळी विरघळवून, मध्ये पाणी घालून. काही गोळ्या कुटायच्याच नसतात, म्हणून आधी सिस्टरना विचारा.

घरचं फीड दर वेळी ताजं करा, दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. नळी तुंबते म्हणून ते पाण्यासारखं पातळ करणं ही इथली नेहमीची चूक. आकाराने लिटरभर जातं, ताकदीने दोन वाट्या.

## ९. वही

शंभर पानी साधी वही उशाशी ठेवा. प्रत्येक खाण्यापुढे फक्त एवढं लिहायचं: सगळं, पाऊण, अर्धं, पाव, काही नाही. "बऱ्यापैकी जेवले" असं लिहायचं नाही. पाळी बदलताना पुढच्या माणसाने आधी वही वाचायची.

आठवड्यातून दोनदा वजन, शक्यतो तोच काटा, सकाळी, लघवी करून आल्यावर. एका दिवसात किलोभर फरक पडला तर तो पाण्याचा असतो.

कधी बोलायचं: सलग तीन दिवस अर्ध्याहून कमी जेवण. किंवा आठवड्यात किलोभराहून जास्त घट. वही उघडून डॉक्टरांसमोर धरा. "काही खात नाहीत हो" या वाक्याकडे राऊंडच्या घाईत दुर्लक्ष होऊ शकतं. तीन पानं भरलेल्या "पाव, पाव, काही नाही" कडे होत नाही.

आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर रोज उठवून बसवा, चालवा. निरोगी वयस्कांनाही दहा दिवस पलंगावर ठेवल्यावर पायांचे जवळपास किलोभर स्नायू गेल्याचं दिसलं आहे. नुसतं खाऊन ते परत येत नाहीत.

## १०. डिस्चार्ज

डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात. वजन आणि आहार लिहिलेला नसतो. निघण्याआधी दोन्ही लिहून घ्या. विचारा: वरची भर किती आठवडे चालू ठेवायची, पुढचं वजन कधी, किती उतरलं तर परत यायचं, कुठली पथ्यं आता उठली. शेवटचा प्रश्न फार लोक विसरतात आणि दहा दिवसांपुरतं सांगितलेलं पथ्य सहा महिने पाळत बसतात.

टीबीचा पेशंट असेल तर आहारासाठी सरकारी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेची नोंद झाली आहे का, बँक खातं जोडलं आहे का, हे तिथेच तपासा. ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये आहे. झारखंडमध्ये झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्या टीबी रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी दिसला होता. ४० किलोच्या माणसासाठी ते ५ टक्के म्हणजे दोन किलो.

घरी गेल्यावर दर रविवारी वजन करून त्याच वहीत लिहा, आणि पुढच्या तपासणीला औषधांच्या पिशवीबरोबर ती वही घेऊन या.